एरंडोलचे गोफ आणि मनगटातली दोरी

धुळ्याहून जळगावकडे निघालात, की पारोळा मागे पडतं आणि एरंडोल येतं. बहुतेक लोक इथे चहा घेतात अन् पुढे जातात. ज्यांना सवड असते ते पद्मालयला जाऊन डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन्ही गणपतींचं दर्शन घेतात, तळ्यातली कमळं पाहतात. कुणी पांडववाडा विचारतात, कारण पांडव राहिले ती एकचक्रा नगरी हीच, असं इथे मानतात. हे सगळं पाहाच. पण मैत्रिणींनो, मी लग्न होऊन या गावात आले त्याला आता बारा वर्षं झाली. मला विचाराल तर म्हणेन, श्रावण सरत आला की या. पोळ्याच्या आधीचे चार दिवस साधा.

त्या दिवसांत बाजारात पाय ठेवला की डोळे दिपतात. लाल, हिरवे, केशरी गोंडे, माथाट्या, म्होरक्या, वेसणी, कासरे, घुंगरमाळा! बैलाच्या शिंगांपासून पाठीपर्यंतचा सगळा साज दोऱ्यांवर टांगलेला असतो. पुरुषमंडळी दोर ओढून बळकटी बघतात. आपण बायका मात्र नकळत दागिन्यांच्या दुकानात उभं राहिल्यासारख्या उभ्या राहतो. एखादी म्होरकी हातात घेऊन नीट पाहा. तिपेडी वेणी तर आपण डोळे मिटून घालतो; पण चार पेडांचा गोल गोफ, आठ पेडांचा चौकोनी गोफ पाहिला की सुरुवात कुठली अन् शेवट कुठला हेच कळत नाही. गोव्याकडे शिगम्यात गोफाचा नाच असतो. वरून सोडलेले रंगीत शेले हाती धरून नाचता नाचता गोफ विणायचा, आणि उलट्या पावलांनी पुन्हा सोडवायचा. बाजारातला गोफ विणणारा नुसत्या बोटांनी तेच करतो, फक्त सोडवत नाही.

हे गाव एके काळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही तो धंदा थोडाफार तग धरून होता, पुढे बंद पडला. कापसाचा व्यापारही इथला जुनाच. कापूस असला की सूत आलं, सूत आलं की दोरी आली. वाखाचे आणि अंबाडीचे दोर वळण्याचं काम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजाने केलं. त्यांच्या दोराशिवाय मोट चालली नसती की गोठ्यात बैल बांधला गेला नसता. रेशमाचं नाजूक काम पटवेकऱ्यांकडे. मंगळसूत्र गाठवणं, ठुशीला गोंडा लावणं, करगोटे करणं ही त्यांची कामं. तुमच्या आईनेही दागिने त्यांच्याकडूनच गाठवून घेतले असतील.

खरं म्हणजे अंगावर दोरा बांधणं आपल्याला नवं नाही. बाळाच्या कमरेला करगोटा, राखीपौर्णिमेला राखी, अनंत चतुर्दशीला चौदा गाठींचा अनंताचा दोरा. म्हणून शाळेतल्या मुली जेव्हा ‘पॅराकॉर्ड’ची मनगटपट्टी दाखवू लागल्या तेव्हा मला हसू आलं. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते, कार्यानुभवाचा तासही माझ्याकडे असतो. कुणाच्या तरी भावाने पुण्याहून आणलेली ती पट्टी, किंमत ऐकाल तर दोन किलो तूर डाळ येईल!

पण वस्तू मात्र अभ्यासण्याजोगी, बरं का. पॅराकॉर्ड म्हणजे हवाई छत्रीची दोरी. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ साली लागला. १९४० मध्ये त्याचे पायमोजे दुकानात आले आणि तिकडच्या बायकांनी रांगा लावल्या. मग युद्ध पेटलं, जपानचं रेशीम मिळेना, तेव्हा पायमोज्यांचं नायलॉन छत्र्यांकडे वळलं. या दोरीला बाहेरून विणलेलं आवरण असतं आणि आत सात-आठ सुटे धागे. अस्सल दोरी ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो भार पेलते. सैनिक ती मनगटाला गुंडाळून ठेवू लागले, म्हणजे प्रसंगी सोडून वापरता येते. बाजारात याच नावाने मिळणारी प्रत्येक दोरी मात्र इतकी बळकट नसते. शोभेला ती चालेल, भार टांगायला नको.

घरी करायची तर अशी करा. सात इंची मनगटाला चार मिलिमीटर जाडीची दोरी घ्या, एक तुकडा दोन फूट आणि दुसरा सात-आठ फूट. साधारण एक इंच विणीला एक फूट दोरी लागते, हे लक्षात ठेवलंत की झालं. लहान तुकडा दुमडा. दुमडीचा फास गुंडी अडकवण्यापुरता मोकळा सोडा. मोठ्या तुकड्याचा मध्य या दोन धाग्यांच्या मागे ठेवा. आता डावी दोरी मधल्या धाग्यांवरून उजवीकडे न्या, उजवी दोरी तिच्यावर घ्या, मग मधल्या धाग्यांखालून नेऊन डाव्या फाशातून वर काढा आणि ओढा. पुढच्या वेळी हेच उजवीकडून. एकदा डावी, एकदा उजवी. एकाच बाजूने घालत गेलात तर पट्टी सपाट न राहता जिन्यासारखी पिळत जाते. तेही छान दिसतं, पण ठरवून करावं. मधून मधून मनगटाला लावून पाहा, आत एक बोट जाईल एवढी सैल हवी. शेवटी मधले दोन धागे लाकडी गुंडीच्या भोकांतून ओवून पक्की निरगाठ मारा. उरलेली टोकं कापून मेणबत्तीवर किंचित वितळवा. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटून भाजतं, म्हणून हे काम मोठ्यांनीच करावं आणि टोक बोटाने न दाबता चमच्याच्या पाठीने दाबावं. तान्ह्या मुलाच्या गळ्यात तर कसलीच दोरी नको.

वर्गात मी हे शिकवत होते तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी काहीच करत नव्हती. जवळ गेले तर तिने दोरी दप्तरात सरकवली. पाहते तो काय, चार पेडांचा गोल गोफ, इतका एकसारखा, की जणू यंत्रातून निघालेला. “कुणी शिकवलं गं?” तर मान खाली. शेजारची हसून म्हणाली, “बाई, तिचे आजोबा दोर वळतात.” त्या हसण्यात काय होतं ते तुम्हालाही कळेल. मी त्या दिवशी फळ्यापुढची जागा तिला दिली. तिने आधी आढेवेढे घेतले, मग बोलू लागली: पीळ उजवा की डावा, पेड ओला का करायचा, गाठ कुठे लपवायची. यातलं निम्मं मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. ती रागावून आली आहे असं वाटलं, आणि खरंच थोडी रागावलेली होती. “बाई, या कामातून पोरीला बाहेर काढावं म्हणून शाळेत घातलं,” ती म्हणाली.

काय उत्तर देणार? तिचं चूक नव्हतंच. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. म्हाताऱ्याचं दुकान वर्षातून पोळ्यापुरतंच चालतं. त्यातही नायलॉनच्या तयार म्होरक्या गाडी भरून येतात. तीच वीण परक्या नावाने पाकिटात बसून आली की आपण मुकाट्याने पैसे मोजतो, आणि पोळ्याच्या बाजारात मात्र पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, ही आपली रीत मला पटत नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की तुमची मुलगी गणितातही वर आहे आणि ती शिकणार आहे. हे नुसतं तिच्या हातात जास्तीचं आहे.

राखीच्या आधी त्या मुलीने आजोबांच्या दुकानात बारा पट्ट्या मांडल्या, सुती दोऱ्याच्या, बैलाच्या गोंड्यांच्या रंगात. नऊ खपल्या. आईने पैसे मोजून घेतले आणि वह्यांसाठी बाजूला ठेवले, असं नंतर कळलं.

तुम्ही आलात तर सुतीच घ्या, असं मी सुचवेन. घामाने नायलॉन काहींना टोचतं, सूत टोचत नाही. मळली तर कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळत घाला. लाल रंग पहिल्या धुण्यात जातोच, तेव्हा वेगळी धुवा. पद्मालय इथून दहाएक किलोमीटरवर आहे. सकाळी दर्शन उरकून दुपारी बाजारात आलात तर दोन्ही साधेल. आणि गोफ विणणारा दिसला, तर किंमत विचारण्याआधी दोन मिनिटं त्याची बोटं बघत उभ्या राहा.