चालू मशीनला हात लावावा का?

गेल्या वर्षी, म्हणजे मे २०२५ च्या सुट्टीत भिलाईला घरी गेलो तेव्हा माझ्या ट्रंकेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक छोटी डबी होती. पुण्याच्या मावसभावाने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुन्यातला प्रोसेसर मला देऊन टाकला होता. रायझन ५ ५६००जी. दुर्ग स्टेशनवर उतरेपर्यंत मी ती डबी चार वेळा उघडून पाहिली असेल.

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१९ साली जोडून घेतलेला. त्यात रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर आणि बी ४५० जातीचा मदरबोर्ड. हा कॉम्प्युटर खेळण्यासाठी नाही. आई त्यावर सुपेल्यातल्या काही दुकानांचे हिशेब लिहिते आणि त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरते. मशीन मंद झाले होते, पण अडचण तेवढीच नव्हती. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि आमचा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नव्हता. दुसऱ्यांचे पैशांचे व्यवहार ज्या मशीनवर आहेत, ते असुरक्षित ठेवून चालत नाही. नवा प्रोसेसर मात्र त्या यादीत होता. म्हणजे तो बसवायला हवाच होता.

पण एक अट होती. बोर्डाचा बायोस २०१९ चा, आणि ५६००जी बाजारात आला २०२१ मध्ये. जुन्या बायोसला हा पाहुणा ओळखताच येणार नव्हता. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच आधी बायोस अपडेट करायचा आणि मग प्रोसेसर बदलायचा, असा क्रम होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप असते. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तिच्यातला प्रोग्राम जागा होतो. तो प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांची हजेरी घेतो आणि सगळे ठीक असले तर पुढचा ताबा विंडोजकडे देतो. आपल्याकडे सकाळच्या फॉल-इनला हजेरी झाल्याशिवाय पी.टी. सुरू होत नाही, तसेच हे. बायोस अपडेट करायचा म्हणजे ही चिप पुसून पुन्हा लिहायची. काम काही मिनिटांचे, पण मध्येच वीज गेली तर चिप अर्धवट राहते. मग हजेरी घेणाराच उरत नाही आणि पडदा काळाच राहतो. काही बोर्डांवर अशा वेळी बायोस पेन ड्राइव्हवरून परत भरायचे वेगळे बटण असते. आमच्या बोर्डावर ते नव्हते.

हे सगळे मी वाचलेले होते, तरीही १६ तारखेला, घरी पोहोचलो त्याच रात्री, कॉम्प्युटरसमोर बसलो. बाबा नाईट शिफ्टला रेल मिलमध्ये, आई झोपलेली. पेन ड्राइव्हवर फाइल तयार होती. बायोसच्या पडद्यावर प्रश्न आला: अपडेट सुरू करायचे का? हो की नाही?

तेवढ्यात आबा पाणी प्यायला उठले. माझे आजोबा मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी भिलाई स्टील प्लांटमध्ये लागले आणि नोकरीची सगळी वर्षे ब्लास्ट फर्नेसवर काढली.

"काय करून राहिला रे इतक्या रात्री?"

"कॉम्प्युटर अपडेट करतोय, आबा."

"बिघडला का?"

"नाही. चालू आहे."

"मंग आजच कायले? मधातच लाइट गेली तं?"

"तर बोर्ड जाईल."

"अन् तुह्या मायचं काम?"

मी गप्प झालो. मागच्या महिन्याचे रिटर्न २० तारखेपर्यंत भरायचे असते. उशीर झाला की दिवसागणिक विलंब शुल्क लागते आणि ते बसते दुकानदाराला. आईचे निम्मे काम अजून बाकी होते. मला हे माहीत होते. आल्या आल्या तिनेच जेवताना सांगितले होते. मला नवा प्रोसेसर चाललेला बघायचा होता, एवढेच माझ्या डोक्यात होते.

मी "नाही" निवडले आणि मशीन बंद केले.

मला वाटले होते की आबा म्हणतील, चालतंय ते चालू दे, हात लावू नको. पण ते तसे म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी फर्नेसची गोष्ट सांगितली. भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. अशी भट्टी एकदा पेटवली की रात्रंदिवस, वर्षानुवर्षे चालते. मनात आले म्हणून ती बंद करता येत नाही; आतला लोखंडाचा रस थिजला तर भट्टीच अडकून बसते. पण आतले विटांचे अस्तर झिजत असते. ते बदलायला एक दिवस भट्टी थांबवावीच लागते. थांबवायच्या आधी तारीख ठरते, सामान येते, माणसे नेमली जातात. "थांबवाले कोनी भेत नव्हतं," आबा म्हणाले, "पन तयारीबिगर कोनी हात बी लावत नव्हतं."

मग मी नीट वाचायला बसलो. दोन्ही बाजूंनी उदाहरणे सापडली. १९९९ साली २६ एप्रिलला सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभर कितीतरी कॉम्प्युटरांच्या बायोस चिपवर कचरा लिहून टाकला होता. ते कॉम्प्युटर सुरूच होईनात. ती चिप किती नाजूक जागी बसलेली आहे, ते यावरून कळते. म्हणूनच कारण नसेल तर बायोसला हात लावू नये, असा सल्ला जुने लोक देतात. पण उलटही घडले आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरना जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू खराब होत होते. त्यावरचा उपाय ऑगस्ट २०२४ मध्ये आला तो बायोस अपडेटमधूनच, आणि आधी झालेली हानी त्याने भरून निघत नव्हती. तिथे "चालतंय ना" म्हणत बसणाऱ्याचेच नुकसान होते. म्हणजे "नेहमी करा" हा नियम चूक आणि "कधीच करू नका" हाही चूक. आपल्या मशीनला त्याची गरज आहे का, हे आपणच पाहायचे.

आमच्या मशीनला गरज होती. फक्त दिवस चुकीचा होता.

तयारीला चार दिवस मिळाले. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात रिव्हिजन क्रमांक छापलेला असतो. तो टॉर्च लावून वाचला, कारण एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळी फाइल लागू शकते. मी आधी उतरवलेली फाइल दुसऱ्याच रिव्हिजनची होती. ती चढवायला बोर्डाने नकार दिला असता की चढवून घेतली असती, हे मला आजही सांगता येणार नाही. आमच्या बोर्डाच्या सूचनांत असेही लिहिले होते की ही आवृत्ती चढवल्यावर मागे जाता येणार नाही. त्या पहिल्या रात्री मी ती ओळ वाचलीच नव्हती. आईच्या टॅलीच्या सगळ्या डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. बायोसच्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढले. बिटलॉकर चालू नाही ना, तेही पाहिले. प्रोसेसर बदलल्यावर तो आपली चावी मागतो आणि चावी नसेल तर डिस्क उघडत नाही. आकाशगंगा मार्केटमधल्या एका दुकानात विचारून आलो की बोर्ड गेलाच तर दुसरा किती दिवसांत मिळेल. आठवडा लागेल म्हणाले. शेजारच्या काकूंकडून चांगल्या बॅटरीचा यूपीएस एका दिवसासाठी मागून ठेवला.

१९ तारखेच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि तासाभरात तीनदा लाइट गेली. आई लाइट आली की बसायची, गेली की उठायची. मी काही बोललो नाही. आबा माझ्याकडे बघून नुसते हसले.

२० ला दुपारी शेवटचे रिटर्न गेले. २२ ला सकाळी आकाश स्वच्छ असताना यूपीएस जोडला, आईला विचारले आणि "हो" निवडले. पट्टी शंभरापर्यंत पोहोचली, मशीन आपोआप पुन्हा सुरू झाले. मग वीज काढून प्रोसेसर बदलला, नवी थर्मल पेस्ट लावली, पंखा बसवला आणि बटण दाबले. पंखा फिरला. पडदा काळाच.

अर्धा मिनिट, एक मिनिट. बोट पॉवरच्या बटणाकडे जात होते. प्रोसेसर नवा असला की पहिल्या वेळी मेमरी जुळवून घ्यायला बोर्ड वेळ घेतो, हे वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि काळ्या पडद्यासमोर हात बांधून उभे राहणे वेगळे. उस्ताद "सावधान" म्हणतात तेव्हा नाकावर माशी बसली तरी हलायचे नसते. मी तसाच उभा राहिलो. दुसरे मिनिट संपत आले आणि पडद्यावर अक्षरे आली.

संध्याकाळी आई म्हणाली, "टॅली लवकर उघडतंय की रे." एवढीच शाबासकी मिळाली.

मित्रांनो, १६ तारखेला मी "हो" दाबले असते तर कदाचित काहीच बिघडले नसते. त्या रात्री लाइट गेली नव्हती, आणि बोर्डाने चुकीची फाइल नाकारलीही असती. तरी तो निर्णय चुकीचाच ठरला असता. नुकसान झाले असते तर ते आईचे आणि त्या दुकानदारांचे, आणि त्यांना मी विचारलेसुद्धा नव्हते. नशिबाने वाचलो म्हणून निर्णय बरोबर होता असे होत नाही. ऑब्स्टॅकलच्या भिंतीवरून उडी मारायच्या आधी खाली कोणी आहे का, ते बघायला आपल्याला शिकवतात. माझ्या खाली घरचेच उभे होते.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा त्याच बोर्डासाठी आणखी एक अपडेट आलेले होते. त्यात काय बदलले आहे ते पूर्ण वाचले. आमच्या उपयोगाचे काही नव्हते. पेन ड्राइव्ह खिशातच ठेवला आणि आबांबरोबर फिरायला मैत्री बागेत गेलो.