परीक्षेला न बसवताच नापास

मुलींना सैन्यात पुढच्या आघाडीवर पाठवावं का, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा पुरुष घालतात आणि त्यांना चहा आणून देतात त्या बायका. त्यांना कोणी विचारत नाही.

18 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की खडकवासल्याच्या एनडीएच्या प्रवेश परीक्षेला मुलींनाही बसू द्या. 2022 मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. 30 मे 2025 रोजी त्यातल्या 17 जणी तीनशेहून अधिक मुलांसोबत संचलन करून बाहेर पडल्या. तरीही पायदळ आणि रणगाडा दलात स्त्री अधिकाऱ्यांना अजून जागा नाही.

कारण सांगतात, ताकद कमी पडेल. काहींची पडेलही. मुलगेही सगळेच कुठे कमांडो होतात? कसोटी हवी तेवढी कठीण ठेवा, पण सगळ्यांना एकच ठेवा. मी शिक्षिका आहे. परीक्षेला न बसवताच नापास केलेलं मला पटत नाही.

आपल्यातले काहीजण धर्म पुढे करतात. उहुदच्या लढाईत हजरत उम्मे उमारा यांनी तलवार घेऊन प्रेषितांचं (स.) रक्षण केलं, हे आपणच मुलांना शिकवतो ना? 2016 मध्ये पुण्यातल्या बहुराष्ट्रीय लष्करी सरावात भारताच्या तुकडीचं नेतृत्व सोफिया कुरेशी यांनी केलं. मे 2025 मध्ये त्या टीव्हीवर दिसल्या, तेव्हा आमचा मोहल्ला अभिमानाने फुलला होता. त्याच मोहल्ल्यात अकरावीच्या मुलींसाठी रिश्ते बघणं मात्र थांबलं नाही.

कामानिमित्त एकदा मणिबेलीला गेले होते. अक्कलकुवा तालुक्यातलं हे नर्मदेकाठचं आदिवासी गाव, सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात सगळ्यात आधी बुडवलेलं. होडीतून उतरून चढ चढताना मला धाप लागली. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक मुलगी मला मागे टाकून वर गेली. वर पोचल्यावर तिने विचारलं, “बाई, मिलिटरीत मुली घेतात?”

मी सांगितलं, घेतात. एनडीएसाठी वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावी पास आणि अविवाहित. शेवटचा शब्द ऐकून तिने आईकडे पाहिलं. आई काही बोलली नाही.

नेमक्या याच तीन वर्षांत आपण मुलींची लग्नं ठरवतो, मणिबेलीत आणि आमच्या मोहल्ल्यातही. न्यायालयाने दिलेली संधी तिथेच संपते.

एनडीएच्या तयारीसाठी सरकारी संस्था औरंगाबादला मुलांसाठी 1977 पासून आहे. मुलींसाठी ती नाशिकला 2023 मध्ये सुरू झाली. प्रवेश दहावीनंतर मिळतो. पायदळाचा निर्णय सरकार करील तेव्हा करील. तुमच्या घरी दहावीतली मुलगी असेल, तर रिश्त्याला हो म्हणण्याआधी तिला एवढंच विचारा, “बेटा, फॉर्म भरायचा का?”