मंडळी आणि गळा

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी ‘संगीत शारदा’चा खेळ लावला होता, तो निरोपाचा. कलेक्टर जॅक्सन बदलून चालले होते, म्हणून गावाने त्यांच्यासाठी नाटक ठरवलं. पुढचं नाशकातलं शाळकरी पोरही सांगेल: अनंत कान्हेरे, पिस्तूल, आणि चार महिन्यांनी ठाण्याच्या तुरुंगात तीन फास. इतिहासाने त्या रात्रीतून जे उचलायचं ते उचललं. माझं मन मात्र पडद्यामागे रेंगाळतं. खेळ किर्लोस्कर नाटक मंडळीचा होता. ‘शाकुंतल’पासून, म्हणजे १८८० पासून, चालत आलेली ही मंडळी तेव्हाच जुनीजाणती झालेली. आणि तिची त्या काळातली नायिका म्हणजे एकवीस वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस, आपले बालगंधर्व. निरोप कलेक्टरचा होता खरा. पण ह्या नायिकेचा मंडळीतला मुक्कामही जेमतेम साडेतीन वर्षांचाच उरला होता.

हे सगळं मला आठवायला कारण झालं एक रॉक बँड. हसू नका.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका मित्राचा गाळा आहे. आठवडाभर तिथे लेथ फिरतो आणि रविवारी सकाळी चार जण तो बाजूला सारून वाजवतात. इंजिनिअरिंगच्या वर्गात जमलेला हा बँड आता पन्नाशीकडे झुकलाय. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत, आवाज घुमू नये म्हणून, तरी घुमतोच. त्यांचा गायक पुण्याला बदली मागतोय अशी कुजबुज दिवाळीपासून चालू आहे. तो गेला असता तर एक वेळ बरं. तो अजून गेलेला नाही, हीच गोची आहे. नवं गाणं बसवायला कुणी काढत नाही, कारण बसवायचं कुणाच्या गळ्यावर? एप्रिलची सुपारी आली तर ‘कळवतो’ म्हणून ठेवून देतात. आणि सगळे त्याच्याशी फार गोड वागतात. पूर्वी त्याचा सूर घसरला की ड्रमर काठी रोखून दोन शिव्या द्यायचा. परवा सूर चांगला पाव इंच खाली गेला, कुणी ब्र काढला नाही. त्यालाही ते समजलं असावं. गाणं संपल्यावर तो कितीतरी वेळ माइकची वायर गुंडाळत बसला.

गायक बदलला की नुसता गळा बदलत नाही, हे बाहेरच्याला कळत नाही. नव्या माणसाची पट्टी दोन स्वर खाली असली की गिटारवाल्याचे मोकळ्या तारांवर बेतलेले तुकडे मोडतात. मग कॅपो लावा, नाहीतर तारा उतरवा, नाहीतर बोटांना नव्याने शिकवा. बेसचा घुमारा बदलतो. हार्मोनिअमवाल्यांना विचारा, तेही हेच सांगतील. वीस वर्षं ज्या उंचीवर सगळ्यांनी घर बांधलं, ती उंचीच एक जण सोबत घेऊन जातो.

किर्लोस्करांनी असं घर कितीदा बांधलं! संस्थापक अण्णासाहेब गेले १८८५ साली. मंडळी भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर उभी राहिली. ते चाळिशीही न गाठता १९०१ मध्ये गेले. मग नानासाहेब जोगळेकर. मग १९०५ मध्ये आला तो कान दुखावलेला मुलगा, म्हणजे बालगंधर्व, ज्याच्या उपचारांसाठी शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन इस्पितळाची सोय केली होती. (अधू कानाचा गायक घ्यायला आज कुठला बँड धजेल? एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये कानासाठीच दौरा अर्ध्यावर सोडावा लागला.) मार्च १९११ मध्ये ‘मानापमान’ आलं आणि त्याच वर्षी जोगळेकरही गेले. नाटकातला धैर्यधर गेला, भामिनी, म्हणजे बालगंधर्व, उरली.

भामिनीलाही मंडळीत करमेना. मालक शंकरराव मुजुमदारांशी बिनसलेलं होतं. जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व बाहेर पडले, सोबत गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. टेंबे म्हणजे ‘मानापमान’च्या चाली देणारा माणूस. मुख्य गळा, मुख्य नट आणि चाली एकाच फटक्यात दाराबाहेर. लोक ह्या फुटीची गोष्ट बाहेर पडलेल्यांच्या बाजूने सांगतात, कारण पुढचं वैभव तिकडे आहे. मला मागे राहिलेल्यांबद्दल कुतूहल वाटतं. जुने पडदे, ‘सौभद्र’ची पाठ झालेली पदं आणि चाळीस पानं वाढायचं बिऱ्हाड, एवढ्यावर त्यांनी पुढच्या गावाला तंबू हलवलाच असणार ना?

हलवला. साल-दोन सालांत गोव्याकडचा एक चौदा वर्षांचा पोरगा त्यांना मिळाला. गळा असा की भाऊरावांची आठवण झालेली म्हातारी मंडळी सावरून बसावी. त्याचं नाव दीनानाथ मंगेशकर. १९१८ मध्ये तोही बाहेर पडला आणि त्याने बळवंत संगीत मंडळी काढली. गायक घडवावा, आणि त्याने आपल्याच समोर पाटी लावावी, हा जणू किर्लोस्करांचा वारसाच झाला.

गायक गेल्यावर बँडने काय करावं ह्याचे नमुने पुढे जगभर झाले. १९७५ मध्ये पीटर गॅब्रिएल गेला तेव्हा जेनेसिसने नवे गायक तपासून पाहिले आणि शेवटी ड्रमच्या मागे बसलेल्या फिल कॉलिन्सलाच पुढे केलं. जर्नीला आर्नेल पिनेडा सापडला तो मनिलात, यूट्यूबवर. आपल्या इंडियन ओशनचे असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेले. ते गायचेही आणि तबलाही वाजवायचे. त्यांची जागा भरायला दोन माणसं घ्यावी लागली, एक गळ्याला, एक तबल्याला. मला हा उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो. माणूस एक होता, पण काम दोघांचं करत होता, असं त्यात उघड कबूल केलेलं आहे.

आणि गायक मुळीच न गेला तर? त्याचंही उत्तर मराठी माणसाला ठाऊक आहे. बालगंधर्वांनी बाहेर पडून काढलेल्या गंधर्व मंडळीत बोडस-टेंब्यांची साथ पुढे सुटली, पण गायक सुटणं शक्यच नव्हतं. पाटीवर त्याचंच नाव. सारंगीला कादरबक्ष, तबल्याला थिरकवाँ, भरजरी शालू, अत्तरं, आणि ह्या सगळ्याखाली वाढत जाणारं कर्ज. नायक बदलले, वादक बदलले. नायिका चाळिशी ओलांडूनही तीच. ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथ झाले तेव्हा, १९३५ साली, ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. लोकांना मात्र शालूतलेच नारायणराव हवे होते. किर्लोस्करांच्या कपाळी आलेलं दुःख मला त्यापेक्षा निरोगी वाटतं. गळे जात राहिले म्हणून पदांना एकाच गळ्याची सवय लागली नाही. ‘सौभद्र’ आजही गावोगावचे हौशी कलावंत आपापल्या पट्टीत म्हणतात.

हे सगळं मी गाळ्यात बोलून दाखवलं. व्याख्यान झालंच म्हणायचं. गायक तेवढ्यात चहा सांगायला बाहेर गेला होता. गिटारवाला तारांवरून फडकं फिरवत म्हणाला, ‘नाटकवाल्यांना चाळीस माणसं होती रे. आम्ही चार.’ ड्रमरने बाहेर नजर टाकली, आवाज खाली आणला आणि म्हणाला, नाशिकरोडला एक मुलगी गाते म्हणतात, पट्टी वरची आहे, एकदा ऐकायला काय हरकत आहे. मग वाद सुरू झाला तो तिला ऐकावं की नाही ह्याचा नव्हता. ऐकायला जायचं तर ते गायकाला आधी सांगायचं की नंतर, आणि सांगायचं तर कोणी.