रात्री नऊची हजेरी

रोज रात्री नऊ वाजता आमची हजेरी होते. एकेक जण रेडिओवर आपला कॉलसाईन सांगतो, आवाज नीट येतोय का विचारतो, कुणी पावसाचं बोलतं, कुणी आंब्याच्या मोहोराचं. पंधरा मिनिटांत सगळे 'सेव्हन्टी थ्री' म्हणून सेट बंद करतात. हॅम रेडिओवाल्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'शुभेच्छा'. बायको विचारते, "हे व्हॉट्सॲपवर नाही का होत?" होतं की. टॉवर चालू आहे तोवर.

रायगडच्या चार तालुक्यांत विखुरलेले आम्ही सतरा जण. शिक्षक, इलेक्ट्रिशियन, एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले काका. सगळ्यांनी परीक्षा देऊन सरकारी परवाना घेतलेला. २००१ च्या भूज भूकंपात फोन बंद असताना हॅम ऑपरेटरांनी निरोप पोचवले होते, ते वाचून मी यात आलो. हातातला सेट जेमतेम पाच वॅटचा. मध्ये डोंगर आला की आवाज संपला. म्हणून वर्गणी काढून आम्ही एका डोंगरावर रिपीटर बसवला. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच जास्त ताकदीने बोलतो.

बसवला तेव्हाचे फोटो आहेत, पेढेही वाटले होते. सांभाळण्याचे फोटो कुणी काढत नाही. केबलच्या जोडात पाणी शिरतं, माकडं वायरी ओढतात, सोलर पॅनेलवर धूळ बसते. शिवाय दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन दीड तास चढायचं आणि बॅटऱ्यांत पाणी घालायचं. पाळ्या ठरलेल्या.

२०२० च्या फेब्रुवारीची पाळी माझी होती. घरात लग्न होतं, मार्चमध्ये जाऊ म्हटलं. मार्चमध्ये देशच बंद झाला. मे महिन्याच्या शेवटी जाता आलं असतं. पण हजेरी रोज नीट होत होती, मग घाई कसली?

३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले, वीज गेली, मोबाइल मुके झाले. रिपीटर मात्र चालू होता. संध्याकाळभर निरोप येत होते. आई सुखरूप आहे. छप्पर गेलं. रस्त्यात झाड पडलंय. रात्री साडेनऊला तो गप्प झाला.

पाणी आटलं की बॅटरीतल्या शिशाच्या प्लेट उघड्या पडतात. मीटरवर व्होल्टेज ठीक दिसतं, पण आत साठा उरलेला नसतो. पंधरा मिनिटांच्या हजेरीत हे कळत नाही. कळतं ते वादळाच्या रात्री.

मग निरोप हातोहात पुढे गेले. ज्याला ऐकू येईल त्याने वहीत लिहायचा आणि पुढच्याला सांगायचा. 'एका आजींचं इन्सुलिन संपलंय' हा किनाऱ्यावरचा निरोप रात्री दहाला निघाला आणि डॉक्टरांना सकाळी सहाला मिळाला. मधल्या गावात तो ऐकणारं कुणी सापडतच नव्हतं. आजी वाचल्या. रस्ते बंदच होते, रात्री कळूनही कोण निघणार होतं, असं सगळे म्हणतात. ते खरंही आहे. तरी त्या आठ तासांचा हिशेब मी माझ्याच नावावर धरतो.

लॉकडाऊनचं कारण आयतंच होतं. आठवडाभर मीही तेच सांगत राहिलो. मग एका रात्री हजेरीतच बोललो, "फेब्रुवारीत मी गेलोच नव्हतो. ओव्हर." दोन-तीन सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग काकांचा आवाज आला, "कॉपी. पुढची पाळी तुमची. ओव्हर."

नव्या बॅटऱ्यांचे पैसे मी देऊ केले. कुणी घेतले नाहीत, पुन्हा सतरा जणांची सारखी वर्गणी झाली. आता महिन्यातून एकदा आम्ही सोलर पॅनेल तोडून रिपीटर रात्रभर बॅटरीवर चालवतो. आळीपाळीने कुणीतरी जागं राहून दर तासाला बोलतं. पहाटे चारला मी एकटाच कॉलसाईन सांगतो, डोंगरावरून उत्तरादाखल 'टिक' असा आवाज येतो, आणि मी वहीत वेळ लिहून ठेवतो.