‘वाचून’ आणि ‘हॅविंग रेड’

बी.ए.च्या पहिल्या वर्षी इंग्रजी निबंधात आम्ही लिहिले होते : ‘हॅविंग रेड फादर्स लेटर, टिअर्स केम टू माय आईज.’ सरांनी भर वर्गात विचारले, ‘पत्र अश्रूंनी वाचले काय?’ वर्ग हसला. वडिलांचे ते अखेरचे पत्र होते. त्यानंतर आम्ही इंग्रजीच्या वाटेला फारसे गेलो नाही.

पुढे मराठी शिकवताना ‘-ऊन’ प्रत्ययाचा विचार करावा लागला, तेव्हा चूक उमगली. इंग्रजीतील ‘हॅविंग रेड’ आधी पूर्ण झालेली क्रिया दाखवते. स्वतंत्र कर्ता दिलेला नसेल, तर मुख्य वाक्याचा कर्ता तोच तिचाही. तेथे ‘आय वेप्ट’ हवे होते. मराठीत मात्र ‘पत्र वाचून डोळ्यांत पाणी आले’ हे निर्दोष आहे. वाचणारा अनुच्चारित राहिला तरी डोळे त्याचेच. उलट, ‘ती हसून म्हणाली’ यातले हसणे बोलण्याआधी संपलेले नसते. तेथे ‘हॅविंग’ चालत नाही.

आज भाषांतराच्या वहीत असे वाक्य आले, की आम्ही शेजारी मूळ मराठी वाक्य लिहितो, मग इंग्रजी सुधारतो. सरांची दुरुस्ती बरोबरच होती. पत्र कुणाचे, एवढे मात्र विचारायचे राहून गेले.