तडा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरासमोरच्या गटाराच्या झाकणाला तडा गेला. ही काही दिवाळी अंकात छापण्याजोगी बातमी नव्हे, हे मला कळते. मराठीच्या प्राध्यापकाने तडा गेलेल्या मनांविषयी लिहावे, फार तर तडा गेलेल्या आरशांविषयी. पण ते झाकण माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर होते आणि रोज सकाळी पालघर स्टेशनवर बोईसरची गाडी पकडायला निघालो, की त्याच्यावर पाय द्यावा की वळसा घालावा, हा प्रश्न मला पडे.

विटांनी भरलेला एक ट्रक वळताना त्याचे मागचे चाक झाकणावर आदळले. मोठा आवाज झाला आणि गोल झाकणाच्या मधोमध आरपार रेघ उमटली. संध्याकाळपर्यंत ते गटारात जाणार याविषयी मला शंका नव्हती. मी खुणेसाठी तिथे पेरूची एक फांदी आणून ठेवली. फांदी वाळली, तिची पाने उडून गेली, झाकण मात्र जागेवरच! त्याच्यावरून रिक्षा गेल्या, म्हशी गेल्या, शेजारची मुले तर मुद्दाम त्याच्यावर उड्या मारून गेली. शेवटी एके दिवशी मी छत्री सावरीत खाली वाकून पाहिले. तड्याच्या आत केसांसारख्या बारीक तारा एका काठातून दुसऱ्या काठात शिरलेल्या दिसल्या.

"काय शोधताय, सर?" शेजारच्या ठेकेदारांनी विचारले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या जमिनी घालण्याचा त्यांचा व्यवसाय. मी तारा दाखवल्या, तसे ते हसले. "पोलादी तंतूंचं काँक्रीट आहे ते. त्याला तडा जातो, पण ते फुटत नाही."

हे वाक्य ऐकून मी उभाच राहिलो. तडा जाणे आणि फुटणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे मी इतकी वर्षे शब्द शिकवूनही कधी ध्यानात घेतले नव्हते.

मग ओसरीवर चहा झाला आणि त्या दिवशी शिक्षकाची खुर्ची त्यांच्याकडे गेली. काँक्रीट म्हणे दाबाखाली पहिलवान, पण ओढाताणीत फार हळवे. म्हणून त्यात गज घालतात. पण गज घालायचे ते हिशेब करून, जिथे ताण येणार त्या जागी. कारखान्याच्या जमिनीवर लोखंडाचा ठोकळा कोणत्या घडीला आणि नेमका कुठे पडेल, हे कोण सांगणार? म्हणून बोटभर लांबीच्या, टोकाशी वळवलेल्या तारा कालवतानाच काँक्रीटमध्ये मिसळतात. शंभर घनफुटांत जेमतेम अर्धा ते दोन घनफूट. जास्त घातल्या तर त्यांचे गोळे होतात आणि काँक्रीट नीट बसत नाही. तारा कशाही, कुठेही, आडव्यातिडव्या पडतात. घाव कुठूनही येवो, वाटेत चार तारा असतातच. "मात्र तुळईचे गज काढून त्या जागी नुसत्या तारा घालाल, तर फसाल," एवढे बजावायला ते विसरले नाहीत.

माझी जिज्ञासा चाळवली. मी वाचू लागलो. १९६३ साली अमेरिकेत रोमुआल्डी आणि बॅटसन या दोघांनी काँक्रीटमध्ये जवळ जवळ घातलेल्या बारीक तारा तड्याला कशा आवरतात याविषयी लिहिले आणि तिथून या विषयाला वेग आला. या काँक्रीटची एक परीक्षा तर आमच्या परीक्षांहून कितीतरी सरळ आहे. तळहाताहून थोडी मोठी, अडीच इंच जाडीची चकती घ्यायची. तिच्यावर पोलादी गोळा ठेवायचा आणि त्याच्यावर साडेचार किलोचा घण दीड फुटावरून पुनःपुन्हा सोडायचा. दोनच आकडे मांडायचे. पहिला तडा कितव्या घावाला दिसला आणि चकती कितव्या घावाला विस्कटली. साध्या काँक्रीटमध्ये हे दोन आकडे अगदी शेजारी शेजारी असतात. तडा दिसला, की पुढच्या एकदोन घावांत सारे संपते. तंतूंच्या काँक्रीटमध्ये पहिला तडा थोडाच उशिरा जातो. पण त्यानंतर ते कितीतरी घाव सोसत राहते.

आणि हे कसे, तर तार तुटत नाही म्हणून नव्हे. ती घट्ट धरून राहिली आणि ताडकन तुटली, तर उपयोग थोडा. ती काँक्रीटला घासत, वळवलेले टोक सरळ करीत, हळूहळू निसटत येते. त्या निसटण्यातच घावाचा जोर खर्ची पडतो. थोडे सोडावे लागते, म्हणूनच धरून राहता येते!

हे वाचले आणि मला दादाची आठवण झाली.

आमचे जुने घर डहाणूच्या पूर्वेला आहे. पुढची बाजू वडिलांनी बांधलेली, विटांची. मागची पडवी आजोबांच्या काळची, कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्याआडव्या बांधायच्या आणि त्यांच्यावर माती, शेण, भाताचे तूस आणि पेंढ्याचे तुकडे कालवून लिंपायचे. त्या मुलखातल्या वारली घरांच्या भिंती अशाच. त्यांच्यावरच गेरू सारवून तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. कारवी म्हणजे गज आणि तूस-पेंढा म्हणजे तंतू, हे आज माझ्या ध्यानात येते. लिंपणाऱ्या बायांना मात्र ते कधीचेच ठाऊक होते.

दादा म्हणे, सगळे पाडून स्लॅबचे घर बांधू. मी म्हणे, एक वीट हलवायची नाही. २०१६ च्या गणपतीत यावरून शब्दाला शब्द वाढला. "वर्षातून दोनदा येणाऱ्याने घराचं प्रेम शिकवू नये," तो म्हणाला. मीही असे काही बोललो, की ते इथे लिहवत नाही. त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले.

पण आई दादाकडे होती. डहाणूहून येणाऱ्या कोणाबरोबर ती चिकूंची पिशवी धाडी. वहिनीचा आमच्या सौभाग्यवतीला फोन येई, तो लोणच्याच्या मसाल्याविषयी. पुतण्या निबंध तपासून घ्यायला येई आणि जाताना सहज म्हणे, "बाबांचे गुडघे दुखतात हल्ली." यातले एकही माणूस समेट घडवायला आले नव्हते. आले असते, तर मी त्याला वाटेला लावले असते.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. लोक रात्री अंगणात निजू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी दुपारी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. मी वर्गात होतो. खिशातला फोन थरथरू लागला. पाहिले, तर दादाचे नाव. इतक्या दिवसांत ते नाव पडद्यावर उमटले नव्हते. मी वर्गाबाहेर आलो.

"आई अंगणात आहे. बरी आहे," तो म्हणाला. मग थोडा थांबला. "तू ये."

मी संध्याकाळी पोहोचलो. पुढच्या विटांच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तडा गेला होता. मागच्या कुडाचे चारदोन पोपडे तेवढे गळले होते. दादा कंदील धरून दाखवीत होता. "पुढचं पाडावंच लागेल," मी म्हणालो. "मागचं राहू दे," तो म्हणाला. दोघांनीही थोडे थोडे सोडले होते. आई खाटेवर बसून आमच्याकडे पाहत होती. ती काहीच बोलली नाही.

आज पुढे काँक्रीटचे घर आहे, मागे तीच पडवी. दिवाळीपूर्वी आई अजूनही शेणात तूस कालवायला बसते आणि कोणी हात लावू म्हटले, तर रागावते. आमच्या भांडणाची रेघ पुसली गेली, असे मी म्हणणार नाही. घराचा विषय निघाला, की आम्ही दोघेही अजून जरा जपून बोलतो.

घरासमोरचे झाकण परवाच बदलले. दोघा कामगारांनी जुने पहारीने उचलून गाडीत टाकले. मला वाटले, आता तरी त्याचे दोन तुकडे होतील. गाडी खड्ड्याखड्ड्यांतून निघाली, वळणावर दिसेनाशी झाली, तोवर त्याची दोन्ही अर्धुके एकमेकांना धरून होती.