पाठांचा क्रम

नगरहून आष्टीकडे जाताना बीड जिल्ह्याच्या हद्दीत शिरल्यावर कडा हे गाव लागते. स्थानकवासी समाजाला या गावाची ओळख आहे ती अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळामुळे. बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद करणाऱ्या पूज्य अमोलकऋषिजी महाराजांचे नाव या संस्थेला आहे. थोडे उत्तरेला पाथर्डी. आचार्य आनंदऋषिजी महाराजांच्या प्रेरणेने तेथे सुरू झालेल्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा देत या परिसरातल्या कित्येक घरांनी सामायिक आणि प्रतिक्रमण कंठस्थ केले. कड्यातील ज्या कापड दुकानदाराच्या घरातील ही हकिकत आहे, तेथेही हा परिपाठ होता. आजोबांनी परीक्षा दिल्या, मुलांकडून देवविल्या, आणि २०१२ साली नात सात वर्षांची झाल्यावर तिच्यासाठी म्हणून सारे पाठ स्वतःच्या आवाजात मुद्रित करून ठेवले.

मुद्रण कसले, तर घरच्या लॅपटॉपला हेडफोन जोडून, दुकान बंद झाल्यावर रात्री दहानंतर, एका वेळी एकच पाठ. नवकार, तिक्खुत्तो, इरियावहियं, तस्स उत्तरी, लोगस्स, करेमि भंते, नमोत्थुणं. पुढे प्रतिक्रमणाचे पाठ, शेवटी दोन स्तवने. एकूण बावीस फायली झाल्या. मुलाने त्या एका छोट्या संगीतयंत्रात भरून दिल्या. काडेपेटीएवढे ते यंत्र, वर बोटाच्या पेराएवढा पडदा आणि गोल बटण. नातीने त्यावर ऐकून पाठ केले, परीक्षा दिली, पारितोषिक मिळवले आणि यंत्र कपाटात गेले.

ते पुन्हा बाहेर आले दादाजींच्या निधनानंतर. दादींची दृष्टी काचबिंदूने मंदावली होती. पाठाचे पुस्तक डोळ्यांजवळ धरूनही अक्षरे लागेनात. पाठ येत होते, पण वयोमानाने दोन पाठांमधले सांधे निसटत. अशा वेळी त्या यंत्र कानाला लावत आणि दादाजींच्या मागून म्हणत. सामायिकात मात्र कधीच नाही. विजेला सचित्त मानावे की अचित्त, याविषयी आपल्याकडे परंपरांत मतभेद आहेत. दादींच्या घरचा दंडक मात्र स्पष्ट होता. यंत्र आधी ऐकायचे, बंद करून शेजारच्या खोलीत ठेवायचे, मग आसन, मुहपत्ती आणि अठ्ठेचाळीस मिनिटांचे वाळूचे घड्याळ.

गेल्या चातुर्मासात पर्युषणाला तीन आठवडे असताना यंत्राची बॅटरी थकल्याचे लक्षात आले. पूर्ण चार्ज करूनही दहा-पंधरा मिनिटांत ते मिटे. अशा यंत्रातली बॅटरी आतच डकवलेली असते. ती बदलून देणारा कारागीर जवळपास नव्हता. नवे यंत्र घेऊन त्यात पाठ भरावेत, इतके ते सोपे असायला हवे होते. पण ज्या लॅपटॉपवर ते मुद्रित झाले, त्याची हार्डडिस्क २०१९ मध्ये निकामी होऊन बदलली गेली होती. बावीस पाठांची एकमेव प्रत त्या काडेपेटीत उरली होती.

मुलाने ते तालुक्याच्या गावी एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दाखवले. तेथील तरुणाने संगणकाला जोडून पाहिले आणि सहज सांगितले, “फॉरमॅट मारावं लागेल.” फॉरमॅट म्हणजे सगळे पुसून नव्याने मांडणे. मुलाने विचारले नसते, तर ते दोन मिनिटांत होऊनही गेले असते. त्याने विचारले, यंत्र खिशात टाकले आणि घरी आला. त्या रात्री पुण्याला फोन गेला.

नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. शनिवारी ती आली. घरातल्या त्याच जुन्या लॅपटॉपवर तिने आदल्या वर्षी लिनक्स बसवले होते. जानेवारी २०२० मध्ये विंडोज सातचा आधार कंपनीने काढून घेतला. नवे विंडोज त्या यंत्राला झेपत नव्हते आणि चालते यंत्र भंगारात घालणे दादाजींच्या घरात बसणारे नव्हते. लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी ते वाढवले. कोणीही विनामूल्य घ्यावे, उघडून पाहावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे, अशी त्याची रीत. दुकानाच्या हिशोबाला ते वर्षभर बिनतक्रार चालले होते. संगीतयंत्र मात्र त्याला कधी जोडलेच गेले नव्हते.

जोडले, तर काहीच झाले नाही. यंत्रावर चार्जिंगची खूण आली, संगणक मख्ख. दादी पलीकडे पाटावर बसून होत्या.

“दिसलं का गं बेटा?”

“अजून नाही, दादी. तुम्ही झोपा थोडा वेळ.”

दादी झोपल्या नाहीत.

पहिला अडथळा क्षुल्लक निघाला. यूएसबीच्या साध्या वायरमध्ये चार तारा असतात; दोन विजेच्या, दोन माहितीच्या. काही स्वस्त वायरींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. त्या फक्त चार्जिंगपुरत्या. घरातली वायर तसली होती. दुसरी वायर मिळाल्यावर लिनक्सच्या आज्ञांच्या काळ्या खिडकीत जोडलेल्या उपकरणांची यादी मागितली, तेव्हा त्यात संगीतयंत्राचा क्रमांक उमटला. दारावर कोण आले आहे, हे संगणकाला समजले होते. आत घ्यायचे कसे, एवढेच उरले.

येथे थोडे थांबून दोन रीती समजून घ्याव्या लागतात, कारण सारा घोळ त्यांच्यातच होता. पहिली रीत पेनड्राइव्हची. दुकानदार कपाटाची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती देतो आणि स्वतः बाजूला होतो. गिऱ्हाइकाने हवे ते उघडावे, ठेवावे, काढावे. यात कपाट संगणकाच्या ताब्यात जाते, म्हणून तेवढ्या वेळात संगीतयंत्राला स्वतःला गाणे वाजवता येत नाही. दुसरी रीत एमटीपी नावाची. हिच्यात मुनीम दारात बसलेला असतो. किल्ली त्याच्याकडेच. गिऱ्हाइकाने मालाची यादी मागावी, यादीतला क्रमांक सांगावा. मुनीम आत जाऊन तेवढीच वस्तू आणून देतो. कॅमेऱ्यातील छायाचित्रे संगणकावर घेण्याची जी पद्धत आधी होती, तीच वाढवून मायक्रोसॉफ्टने ही केली. विकत घेतलेल्या गाण्यांच्या नकला कोणी सरसकट करू नयेत, ही त्या काळच्या संगीत कंपन्यांची चिंताही तिच्यामागे होती. एका आजोबांनी नातीसाठी म्हटलेला लोगस्स त्या बंदोबस्तात का अडकावा, हा प्रश्न अर्थात कोणाच्या मनातही आला नसणार.

नातीला ठाऊक होते की लिनक्सचे पहिल्या रीतीशी चांगले जमते. यंत्राच्या पडद्यावर सेटिंगमध्ये यूएसबीची रीत निवडण्याची सोय होती. तिने पेनड्राइव्हची रीत निवडली, वायर जोडली आणि संगणकावर लगेच खिडकी उघडली. आत तीन-चार फोल्डर. एकेक उघडत गेली. सगळे रिकामे.

खोलीत कोणी बोलले नाही. दादींना दिसत नसले, तरी शांततेचा अर्थ कळत होता. “गेले का?” त्यांनी विचारले.

नातीने उत्तर न देता वायर काढली, यंत्र सुरू केले आणि हेडफोन दादींच्या कानाला लावला. नवकार सुरू झाला. पडद्यावर बावीसही नावे जागच्या जागी होती. यंत्राला पाठ सापडत होते आणि संगणकाला सापडत नव्हते. म्हणजे ते पुसले गेलेले नव्हते. मोबाइलच्या दुकानातल्या तरुणालाही असेच रिकामे फोल्डर दिसले असावेत, आणि रिकाम्या कपाटाला रंग द्यायला हरकत ती काय! त्याच्याकडे कोणी हेडफोन लावून ऐकले नव्हते.

कारण उलगडले ते असे. त्या पिढीच्या काही संगीतयंत्रांत मुनीमाच्या हातून आलेला माल मुनीमाच्याच खात्यात राहतो. किल्ली घेऊन कपाट उघडणाऱ्याला तो दिसत नाही. २०१२ मध्ये मुलाने विंडोजवरून पाठ भरले, तेव्हा यंत्र एमटीपीच्या रीतीत होते; ही रीत आपोआप निवडली गेली होती आणि त्याला त्याची खबरही नव्हती. बारा वर्षांनी ते परत मागायचे, तर मुनीमाकडेच मागायला हवे होते.

लिनक्सवर एमटीपीची बोली बोलण्यासाठी लिबएमटीपी नावाची एक मुक्त प्रणाली आहे. तिच्या पोटात एक लांबलचक यादी असते: कोणत्या कंपनीचे कोणते यंत्र, त्याचा क्रमांक काय आणि त्याची खोड कोणती. एखादे यंत्र यादी मागितल्यावर मध्येच गप्प होते, एखादे ठरल्याप्रमाणे निरोपच घेत नाही. अशा खोडी ज्याला ज्या यंत्राशी झगडताना आढळल्या, त्याने त्या कळवल्या आणि त्या नोंदवल्या गेल्या. त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेही नसेल. दादाजींचे यंत्र या यादीत होते.

तरीही पहिल्या प्रयत्नात ‘उपकरण गुंतलेले आहे’ असे उत्तर आले. संगणकातल्या फायली दाखवणाऱ्या कार्यक्रमाने यंत्र जोडताक्षणी स्वतःच मुनीमाला धरून ठेवले होते आणि मुनीम एका वेळी एकाशीच बोलतो. तो संबंध तोडला आणि काळ्या खिडकीत यादी मागितली. एकेक ओळ उमटू लागली. प्रत्येक पाठाला एक क्रमांक, पुढे नाव. रोमन लिपीतली ती नावे वडिलांनी त्या वेळी घाईने टंकली होती. नवकारच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होते. बावीस मोजून झाले, तेव्हा नातीने पहिल्यांदा पाणी प्यायले.

सगळे एकदम न मागता तिने एकेक मागितला. हा शहाणपणा पुढे उपयोगी पडला, कारण पंधराव्या पाठावर यंत्र गोठले. बटण बराच वेळ दाबून धरल्यावर ते पुन्हा सुरू झाले. आलेले चौदा संगणकावर सुखरूप होते. वायर जोडलेली असेपर्यंत वीज संगणकाकडून मिळत होती, म्हणून थकलेल्या बॅटरीचा प्रश्न आला नाही. हे काही जमले नसते, तर हेडफोनच्या छिद्रातून वायर टाकून दुसऱ्या यंत्रावर आवाज मुद्रित करून घेण्याचा विचार होता. तो मार्ग वाईट नाही, पण त्यात खरखर मिसळते. त्याची गरज पडली नाही. संध्याकाळच्या चोविहारापूर्वी बावीसही पाठ संगणकावर, एका पेनड्राइव्हवर आणि अंबाजोगाईच्या आत्याच्या फोनमध्ये पोहोचले होते.

काम संपले असे सर्वांना वाटले. दादींना वाटले नाही.

नगरहून एक साधे नवे यंत्र आणले, त्यात पाठ भरले आणि दादींच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तक्रार आली. “यात करेमि भंते आधी येतं. इरियावहियं झालं नाही आणि सामायिक घ्यायचं?” तक्रार रास्त होती. येण्याजाण्यात जी जीवविराधना झाली तिची आलोचना आधी, कायोत्सर्ग, लोगस्स, आणि मग सामायिकाचे पच्चक्खाण. हा क्रम कोणाच्या सोयीने ठरलेला नाही. गाणी कोणत्याही क्रमाने ऐकली तरी चालतात. पाठांचे तसे नाही.

नातीने नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे घातले. फरक पडला नाही. पुष्कळशी स्वस्त यंत्रे नावाकडे पाहतच नाहीत. पेनड्राइव्हसारख्या साठ्याच्या अनुक्रमणिकेत ज्या ओळीने फायली नोंदल्या गेल्या, त्याच ओळीने वाजवतात. सगळ्या एकदम टाकल्या की संगणक त्या आपल्या लहरीने नोंदवतो. उपाय दोन: एकेक फाइल क्रमाने टाकावी, किंवा ही अनुक्रमणिकाच नव्याने लावणारा फॅटसॉर्ट नावाचा छोटा कार्यक्रम लिनक्सवर मिळतो, तो चालवावा. तिने दुसरा चालवला. मग आजी-नात दोघी दीड तास बसून बावीसही पाठ पहिल्यापासून ऐकत गेल्या. एकीचे लक्ष क्रमाकडे होते. दुसरीचे कशाकडे होते, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

लोगस्समध्ये एके ठिकाणी दादाजी खोकतात, क्षणभर थांबतात आणि पुन्हा सुरू करतात. नातीने विचारले, “दादी, एवढा खोकला काढून टाकू? सहज निघेल.”

“राहू दे,” दादी म्हणाल्या.

संवत्सरीच्या संध्याकाळी नवे यंत्र घरी कपाटात होते, जुने त्याच्या शेजारी. स्थानकात श्राविकांच्या रांगेत दादी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुस्तक जवळ नव्हते. सर्वांबरोबर त्यांचे पाठ सुरळीत चालले होते. लोगस्समध्ये मात्र त्या एका जागी क्षणभर थांबल्या. विसरल्या असे वाटून शेजारच्या बाईंनी हळूच पुढचा शब्द सांगितला. दादींनी मान हलवली आणि पुढे म्हणू लागल्या.